सातवीतल्या मुलाने शाळा बदलण्यासाठी आईबाबांना कसं पटवावं?

प्रश्न: मी सातवीत, सीबीएसई शाळेत आहे. बसने जायला सव्वा तास, यायला सव्वा तास. घराजवळच्या अनुदानित हायस्कुलात आठवीला सेमी इंग्रजी घ्यायचंय. बाबा म्हणतात, "मग एवढे पैसे कशाला भरले?" काय बोलू?

उत्तर: वक्तृत्व शिकवणारे तुला आधी मुद्द्यांची यादी करायला लावतील. करू नकोस. ॲरिस्टॉटलने पटवण्याचे तीन मार्ग सांगितले: बोलणाऱ्यावरचा विश्वास, ऐकणाऱ्याची भावना आणि तर्क. पहिला जवळजवळ सगळ्यांत प्रभावी, हेही त्याचंच म्हणणं. फक्त त्याच्या मते तो विश्वास भाषणातूनच उभा राहावा. घरात ते जमत नाही, बाबा तुला रोज बघतात.

म्हणून विश्वास आधी कमव, तोही नेमक्या जागी. सेमीत गणित-विज्ञान इंग्रजीतून, पण इतिहास-भूगोल मराठीतून. शिवाय मराठी ही प्रथम भाषा. सीबीएसईतून आलेली मुलं अडतात ती इथेच आणि आईला धास्ती असते तीही याचीच. बालभारतीच्या संकेतस्थळावरून आठवीचं इतिहासाचं पुस्तक फुकट उतरवून घे. रोज एक पान मोठ्याने वाच, स्वाध्यायाची उत्तरं वहीत मराठीत लिही. महिनाभर शाळेचा विषय काढायचा नाही. मग ती वही पुढे ठेवून बोल.

रडारड नको. "माझे मित्र तिकडे आहेत" हे तर चुकूनही नको, पुढचा सगळा वेळ त्या मित्रांच्या उलटतपासणीत जातो. बाबांना पैशांपेक्षा जास्त खुपतंय ते हे, की आपला निर्णय चुकला असं दिसेल. तेव्हा आताच्या शाळेला नावं ठेवू नकोस. "इथे इंग्रजी पक्कं झालं, आता बसमधला वेळ अभ्यासाला हवाय," एवढं म्हण.

तर्काला एकच आकडा पुरे. रोजचे अडीच तास गुणिले 220 दिवस (सहावी ते आठवीसाठी कायद्याने ठरवलेले किमान कामाचे दिवस) म्हणजे 550 तास. दहा मुद्दे मांडलेस तर त्यातला सर्वांत कच्चा उचलला जातो आणि बाकीचे नऊ वाया जातात. स्पर्धेचे परीक्षक मुद्दे मोजून गुण देतात, बाप देत नाही. हे मी वक्तृत्ववाल्यांना सांगून थकलो.

बोलायची वेळ पुढच्या वर्षाच्या फीचा पहिला हप्ता जाण्याआधीची; निकालाचा दिवस टाळ. मागणीही छोटी ठेव: "शनिवारी तिथल्या मुख्याध्यापकांना भेटून येऊ." आठवी सोयीची, कारण बऱ्याच शाळा सातवीपर्यंतच असतात आणि हायस्कुलात तेव्हा नवी मुलं येतातच. नववीनंतर बोर्ड बदलणं कटकटीचं.

दाखल्याची भीती कोणी घातली तर शिक्षण हक्क कायदा, 2009 चं कलम 5 दाखव. आठवीपर्यंत सरकारी वा अनुदानित शाळेत जाताना मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि तो उशिरा मिळाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही.

आणि हो, खरं कारण शाळेतली मारहाण किंवा छळ असेल तर यातलं काहीही करत बसू नकोस. आजच आईला सरळ सांग.