मुंबईत थंडी नसतेच, मग नववर्षाच्या सुट्टीत तिथे निसर्गात फिरायला कुठे जाणार?

"थंडी नसतेच" हे तुम्हाला कुणी सांगितलं? बहुधा आमच्या साडूंनी. ते नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचे. दर डिसेंबरात निफाडचा पारा पेपरात आला की त्याचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो आणि खाली ठरलेला प्रश्न: "बोरिवलीकर, पंखा कितीवर ठेवलाय?"

तर आधी आकडे. २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला ७.४ अंश तापमान नोंदलं गेलं. हा विक्रम झाला, रोजचं नाही, मान्य. पण जानेवारीत सांताक्रूझचं सरासरी किमान तापमान सतराच्या आसपास असतं. बोरिवलीच्या संजय गांधी नॅशनल पार्कात झाडीत शिरलं की त्याहून गार वाटतं. कुलाब्याचा आकडा बघून मुंबईची थंडी ठरवू नका. तिथे तीन बाजूंनी समुद्र, तो रात्री गार होऊच देत नाही. इकडे उपनगरात रात्रभर मतलई म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारे वारे असतात आणि उत्तरेकडची कोरडी हवा आली की पहाट छान गारठते. दुपारी समुद्रावरचे खारे वारे यायला उशीर झाला तर मात्र घाम फुटतो. म्हणून जायचं ते सकाळीच.

एका वर्षी साडू ३१ डिसेंबरला आमच्याकडे मुक्कामाला होते. १ तारखेला त्यांना लवकर उठवून पार्कात नेलं. मुद्दाम अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून निघाले. बोरिवलीच्या गेटापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर डांबरी रस्ता आहे, चालायला सरळ. दहिसर नदी आली तसे साडूंचे हात काखेत गेले. मी पाहिलं, बोललो काही नाही. पुढे बांबूत स्वर्गीय नर्तक पक्षी दिसला, पांढरा नर, लांब शेपटीचा. साडू थांबले. "हा आमच्याकडे येतो का हो?"

मला राहवलं नाही. म्हटलं, अहो, नांदूर मधमेश्वर तुमच्याच तालुक्यात! २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरली, इथून लोक गाड्या करून बदकं बघायला येतात. तुम्ही डिसेंबरात शेवटचे कधी गेला होतात?

तर म्हणाले, "पारा चार-पाचवर आला की आम्ही पहाटे तीनला द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतो. नाहीतर मणी तडकतात. पक्षी कधी बघू?"

म्हणजे माझा मुद्दा त्यांनीच मांडला! कडाक्याची थंडी सोसायची असते, तिच्यात कुणी मजेने हिंडत नाही. हिंडायला आमची सोळा-सतरा अंशांचीच बरी. हे मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं. पटलं नाही. म्हणे, "आमच्याकडे थंडी पडली नाही तर गहू-हरभरा कुठून खाणार?" यावर मी वाटेत बसलेल्या आदिवासी बाईकडून दोन पेरू घेतले आणि चालू लागलो.

तुमच्या प्रश्नाचं सांगायचं तर पार्क सोमवारी बंद असतं. लेण्यांचं तिकीट वेगळं. कान्हेरीला पोचल्यावर तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्याशी फोटो काढून परतणारे लोक मला कळत नाहीत. शंभरावर लेणी आहेत, कातळात खोदलेल्या पाण्याच्या पोढी आहेत. वर चढा. खाण्याची पिशवी हातात दिसली की माकडं ती घेतात. जंगलातल्या पायवाटांना परवानगीशिवाय शिरू नका, बिबटे आहेत. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायचे असतील तर ठाणे खाडी, ऐरोलीहून बोट मिळते. पण भरती-ओहोटीच्या वेळा आधी बघा. वेळ कमी असेल तर माहीमचं निसर्ग उद्यान. तिथे पूर्वी कचऱ्याचा डेपो होता, आता दाट झाडी आहे.

एक मात्र कबूल करायला हवं. वारा पडला की याच दिवसांत मुंबईवर धुरकं बसतं आणि सकाळीच ते सर्वांत दाट असतं. दम्याचा त्रास असेल तर अशा दिवशी पहाटे निघू नका. उन्हं चांगली वर येऊ द्या, घाम आला तरी चालेल.