बर्डीवरच्या डिप्लोमाने प्रोब हातात येत नाही

बेटा, पत्र वाचलं तुझं. मावशीच्या आठ महिन्यांच्या बाळाचं हार्टचं ऑपरेशन नीट झालं पण व्हेंटिलेटर काही निघेना, काढला की परत लावावा लागे, मग एका डॉक्टर मॅडमनी सोनोग्राफी मशीन बेडजवळच आणून सांगितलं की डायफ्रॅमची, म्हणजे छाती आणि पोटामधल्या श्वासाच्या पडद्याची, डावी बाजू हलतच नाहीये, आणि तेव्हापासून तुला हेच करायचंय. नागपुरात बर्डीवरचा एक क्लासवाला म्हणतो वर्षभराचा सोनोग्राफी डिप्लोमा कर, तर करू का?

यासाठी तरी नको. काहून, तर १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा. गर्भलिंग तपासणी थांबवायला आणलेला, पण त्यामुळे मशीन रजिस्टर लागते आणि चालवायला क्वालिफाइड डॉक्टरच लागतो. क्लासवाले हे सांगत नाहीत, फी आधी घेतात.

आता तू काय पाहिलंस ते समजून घे. स्क्रीनवर पांढरी चकचकीत रेघ असते ना, तो डायफ्रॅम. बाळाने श्वास घेतला की रेघ प्रोबकडे, म्हणजे अंगावर टेकवलेल्या मशीनच्या दांड्याकडे, यायला पाहिजे. ऑपरेशनमध्ये डायफ्रॅम हलवणाऱ्या फ्रेनिक नर्व्हला ताण बसला, कॉटरीची, म्हणजे रक्त थांबवायला डाग देतात त्या सुईची, धग किंवा हृदय थंड ठेवायच्या बर्फाचा गारठा लागला, की ती हलत नाही किंवा उलटी जाते. आणि गंमत म्हणजे व्हेंटिलेटर हवा ढकलत असला की सगळं ठीकच दिसतं, म्हणून त्याचा जोर कमी करून बाळाला स्वतः श्वास घेऊ द्यावा लागतो. म्हणजे प्रोब धरणं सोपं गं, कधी आणि काय बघायचं हे कळणं अवघड, मॅडमची सगळी वर्षं त्यात गेलीत.

ती वर्षं मोज. आधी नीटची प्रवेश परीक्षा, मग एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच, एमडी पीडियाट्रिक्स ३, त्यावर डीएम ही सुपरस्पेशालिटी ३, साडेअकरा झाली. रेडिओलॉजीतून गेलीस तर कमी, पण मग तू आयसीयूची नसशील, बोलावलं की जाशील.

नीटमध्ये नाही जमलं तर बीएससी नर्सिंग किंवा रेस्पिरेटरी थेरपी बघ, हे मी मन राखायला म्हणत नाहीये. मावशीला विचार, श्वास घेताना बाळाचं पोट फुगायच्या ऐवजी आत जातंय हे आधी कोणाला दिसलं? माझा अंदाज, नाइटच्या सिस्टरला.

आणि प्लायकेशन करायचं ठरलं, म्हणजे ढिला पडलेला डायफ्रॅम टाके घालून ताणून बसवायचा, की नर्व्ह आपोआप सुधारते का म्हणून थांबलेत? बाळ कसं आहे, कळव.