लिफ्ट केलेल्या जीपचं स्टिअरिंग थरथरतंय, दाद कुणाकडे मागायची?

प्रश्न : मी नागपूरला राहतो. माझ्या फोर बाय फोर जीपला पुढे सलग ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकच दांडा) आणि कॉइल स्प्रिंग आहेत. गेल्या वर्षी वाडीच्या एका गॅरेजमधून तीन इंचांची लिफ्ट किट (गाडी उंच करणारा संच) आणि मोठे टायर बसवून घेतले. तेव्हापासून साठच्या वेगात चाक खड्ड्यात आदळलं की स्टिअरिंग जोरात हलतं आणि वेग उतरेपर्यंत थांबत नाही. गॅरेजवाल्याने दोनदा स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे धक्के शोषणारा भाग) बदलला, मग पॉवर स्टिअरिंगचा पंपही बदलला. "नवा डॅम्पर बसला का काम खतम," असा त्याचा व्हॉट्सॲप मेसेज माझ्याकडे आहे. त्रास जिथल्या तिथे आहे. आता उरलेले २८ हजार दिल्याशिवाय तो गाडी सोडत नाही. कंपनीने वॉरंटी नाकारली. ग्राहक आयोगात जाता येईल का, की लिफ्टमुळे मीच अडकेन?

उत्तर : आयोगात जाता येईल. पण गाडी हातात आली की लगेच दुसऱ्या मेकॅनिककडे टाकून दुरुस्त करून घेऊ नका. गाडी आज जशी आहे तोच तुमचा पुरावा. भाग एकदा बदलले की आधी काय बिघडलं होतं, हे सांगायला बिलांशिवाय काही उरणार नाही.

आधी कटू गोष्ट. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ (४) मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून लिफ्टचे पैसे परत मिळतील या आशेवर तक्रार उभी करू नका. करार कायद्याचं कलम २३ दाखवून समोरचा वकील म्हणेल की मूळ व्यवहारच बेकायदा होता, आणि त्या मुद्द्यावर तुमची बाजू लंगडी आहे.

तक्रार उभी राहते ती त्यानंतरच्या दुरुस्तीवर. तिथे तुमची बाजू मला भक्कम वाटते. डॅम्पर थरथर दाबतो, तिचं कारण दूर करत नाही. सलग ॲक्सलची गाडी उचलली आणि बाकीचे भाग त्या उंचीला जुळवले नाहीत, तर ॲक्सल थोडा फिरतो आणि कॅस्टरचा कोन, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, घटतो. पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा) आणि ड्रॅग लिंक (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा) यांचे कोनही बदलतात. त्यात एखादा बुश किंवा बॉल जॉइंट ढिला असला किंवा मोठ्या टायरचं बॅलन्सिंग चुकलं, की एक आदळ पुरते. पंप खराब असेल तर स्टिअरिंग जड होतं, पंप घरघरतो, तेलाला फेस येतो किंवा गळती दिसते. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. मग पंप कोणत्या तपासणीवरून बदलला? हा प्रश्न गॅरेजवाल्याला पाठवायच्या नोटिशीत सरळ विचारा, आणि जुना पंप व दोन्ही जुने डॅम्पर परत मागा. जुना पंप चांगला निघाला तर अर्धं काम तिथेच झालं.

तपासणी परवानाधारक सर्व्हेअर किंवा ऑटोमोबाइल इंजिनिअरकडून करून घ्या, लेखी अहवाल सहीसकट. गॅरेजवाल्याला तारीख आधी कळवा, म्हणजे "माझ्या पाठीमागे केलं" असं त्याला म्हणता येणार नाही. चाकं जमिनीवर, इंजिन चालू. एकाने स्टिअरिंग हळूहळू डावी-उजवी हलवायचं आणि दुसऱ्याने खालून एकेक जोड पाहायचा. पॅनहार्ड रॉडच्या टोकाशी, बुशवर हात ठेवला की ढिलेपणा बोटांना कळतो. याचा सलग व्हिडिओ घ्या. अलाइनमेंटच्या मशीनवरून कॅस्टरच्या आकड्यांचा छापील कागद घ्या. फक्त टो (चाकं आत-बाहेर किती वळलीत तो कोन) दाखवणारा कागद पुरेसा नाही. नंतर लिफ्ट उतरवा.

गाडी अडवण्याबद्दल : करार कायद्याचं कलम १७० कारागिराला त्याच्या कामाच्या मजुरीपुरती वस्तू ठेवून घेण्याचा हक्क देतं. काम नीट झालंच नाही, असा वाद तुम्हाला घालता येतो. पण त्याचा निकाल लागेपर्यंत गाडी गॅरेजच्या आवारात उभी राहील. मी पैसे भरायला सांगेन. यूपीआय किंवा चेकनेच भरा, आणि "वाद कायम ठेवून, हक्क राखून" हे त्याच दिवशी लेखी कळवा.

गाडी चालवत घरी आणू नका. टो करून आणा. धोकादायक दोष ठाऊक असताना गाडी रस्त्यावर काढणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली गुन्हा आहे, आणि तुमची नोटीसच तो दोष तुम्हाला ठाऊक होता हे सिद्ध करेल. कुणाला इजा झाली तर प्रकरण दंडावर भागणार नाही. विमा कंपनीला बदल कळवलेला नसेल तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावाही अडू शकतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) मध्ये निष्काळजीपणाबरोबरच महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणं हीदेखील सेवेतली त्रुटी मानली आहे. लिफ्टमुळे स्टिअरिंगवर काय परिणाम होतो आणि कायदा काय म्हणतो, हे गॅरेजवाल्याने सांगितलं होतं का? नसेल तर तसं स्पष्ट लिहा. लिफ्ट मात्र लपवू नका, अहवालात ती दिसणारच. तुम्हाला दंड करणं हे आयोगाचं काम नाही, पण तक्रारीच्या कागदांत तुमचीच कबुली असेल. म्हणून तक्रार दाखल होण्याआधी गाडी मूळ स्थितीत आलेली बरी. व्हॉट्सॲपच्या मेसेजबरोबर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडा.

कंपनीला प्रतिवादी करण्यात वेळ घालवू नका. तुम्ही बदल केल्यावर तिचा नकार बहुधा टिकेल. तक्रार नागपूरच्या जिल्हा आयोगात, सिव्हिल लाइन्सला, किंवा ऑनलाइन ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर. सेवेसाठी तुम्ही दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे, ती पहिल्या डॅम्परच्या बिलापासून धरा. नोटिशीला पंधरा दिवस द्या आणि उत्तर आलं नाही तर दाखल करा.