मूलद्रव्यांना 'संक्रमण' कसलं?

इंदूरच्या राजेंद्रनगरातून एका आजोबांनी विचारलंय: नातीच्या बारावीच्या हिंदी पुस्तकात लोखंड, तांबं, निकेल ही 'संक्रमण तत्त्व' (हिंदीत तत्त्व म्हणजे मूलद्रव्य) आहेत. या धातूंना कसली लागण झाली? आणि घरी मराठीत तिला काय सांगायचं?

हा घोळ खास आपला, इंदुरी. इथल्या हिंदी पेपरात आणि दवाखान्यात 'संक्रमण' म्हणजे लागण, बाकी काही नाही. मराठीत त्याला संसर्ग म्हणतात. आपलं संक्रमण सूर्याचं, एका राशीतून दुसरीत जाण्याचं. रोगही एकाकडून दुसऱ्याकडे जातो, म्हणून हिंदीने शब्द तिकडे वळवला. धातू तोच, क्रम् (व्याकरणातला, लोखंडी नव्हे).

मग इथे कोण कुठे जातं? 1921 मध्ये चार्ल्स बरी या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने हे नाव वापरलं ते इलेक्ट्रॉनांच्या आतल्या कवचावरून (कवच म्हणजे अणूच्या केंद्राभोवतीचा इलेक्ट्रॉनांचा थर). 8 इलेक्ट्रॉनांचं कवच भरत भरत 18चं होतं, त्या वाटेवरची ही मूलद्रव्यं. नातीला तिसरं कवच मोजायला सांगा: स्कँडियममध्ये 9, लोखंडात 14, तांब्यात 18. बाहेर एक-दोनच इलेक्ट्रॉन. भर पडते ती आत.

तांब्यात 18 भरले, तरी ते यात कसं? कारण मोरचुदात तांब्याच्या त्या कवचातलाही एक इलेक्ट्रॉन गेलेला असतो, 17 उरतात. पाण्यात घातल्यावर दिसणारा निळा रंग त्या अपुऱ्या कवचाचा. जस्ताचे 18 मात्र हलत नाहीत. झिंक सल्फेटचं पाणी बिनरंगी. म्हणून 'अणूत किंवा संयुगात ते आतलं कवच अपुरं हवं' या काटेकोर व्याख्येत जस्त बसत नाही, पुस्तकं शेजारी म्हणून घेतात एवढंच.

याच मूलद्रव्यांचा दुसरा गट 'आंतरसंक्रमण'चा. त्यातलं 'आंतर' म्हणजे आणखी एक कवच आत: 18चं 32 होताना. सिरियमपासून ल्युटेशियमपर्यंतची 14 त्यातली. तिथे 'अंतर' लिहू नका, मराठी वाचणारा किलोमीटर मोजायला लागेल.

माझी पसंती 'संक्रमणी मूलद्रव्यं' आणि 'आंतरसंक्रमणी मूलद्रव्यं' यांना. 'संक्रामक' मुळीच नको, त्याने पुन्हा दवाखाना आठवतो. आणि घरी तरी 'तत्त्व' नको. मराठीत तत्त्व माणसाला असतं, लोखंडाला नाही. परीक्षेत मात्र तिने पुस्तकातलंच लिहावं, मार्क तिथे आहेत.