कड करपते, राउटर पळतो : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : राउटरने, म्हणजे फिरत्या पात्याने लाकूड कोरणाऱ्या विजेच्या हत्याराने, फळीच्या कडेला राउंड-ओव्हर बिट (कड गोल करणारं पातं) लावून गोलाई देताना लाकूड करपून काळं पडतं. डाग पडू नयेत म्हणून राउटर अगदी सावकाश सरकवतो, तरी ते वाढतातच. आरपीएम (बिट मिनिटाला किती वेळा फिरतं तो वेग) वाढवू की कमी करू?

उत्तर : डाग वाढतात ते सावकाश सरकवण्यामुळेच. धार लाकूड कापते तेव्हा बरीचशी उष्णता उडणाऱ्या किसाबरोबर निघून जाते. हात रेंगाळला की धार नुसती घासत राहते आणि ती उष्णता कडेतच मुरते. हिशेब करून बघा. दोन धारांचं बिट १८,००० आरपीएमने फिरलं की मिनिटाला ३६,००० काप होतात. राउटर मिनिटाला ३ मीटर सरकला तर एका कापाला सुमारे ०.०८ मिमी लाकूड येतं. १ मीटरच सरकला तर ०.०३ मिमीसुद्धा येत नाही. एवढ्या पातळ थरात धार शिरणार कशी?

म्हणून आरपीएमच्या डायलला हात लावण्याआधी हाताचा वेग वाढवा. काम सुरू असताना मोटरचा आवाज किंचित उतरून एकसारखा राहायला हवा आणि बारीक किस उडायला हवा. आवाज चढाच राहिला आणि पिठासारखी भुकटी पडू लागली, तर हात मंद आहे किंवा बिटची धार गेली आहे. मोटर घरघरायला लागली तर काप जास्त खोल आहे. एका फेऱ्यात ३ मिमी पुरे, आणि शेवटचा फेरा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा ठेवा, म्हणजे आधीचे हलके डागही त्यात निघून जातात. कोपऱ्यावर थबकू नका, बहुतेक काळे ठिपके तिथेच पडतात. एवढं करूनही करपत असेल तर बिटवर साचलेला राळेचा तपकिरी थर साफ करा.

प्रश्न : कडेने चालवताना राउटर मधेच झटका देऊन पुढे पळतो. पकड कमी पडते का?

उत्तर : पकड नव्हे, दिशा चुकते आहे. हातात धरलेल्या राउटरचं बिट वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतं. फळीच्या बाहेरच्या कडेने जाताना राउटर काट्यांच्या उलट न्यायचा. आत खिडकीसारखा कापलेला भाग असेल तर त्याच्या कडेने काट्यांप्रमाणे. कड तुमच्या बाजूला असेल तर डावीकडून उजवीकडे, एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल. असं नेलं की लाकूड बिटला मागे रेटतं आणि ताबा तुमच्याकडे राहतो. उलट नेलं की धार लाकडात चाकासारखी चढते आणि राउटरला ओढून नेते.

चारही कडा करायच्या असतील तर आधी रेषे आडवे कापले जातात त्या टोकाच्या कडा घ्या, मग लांब बाजू. टोकाकडे कोपऱ्याची कपची उडालीच, तर लांब बाजूच्या फेऱ्यात ती बहुधा निघून जाते.

बिट बसवताना आधी प्लग काढा. शँक (बिटचा दांडा) कोलेटमध्ये (दांडा पकडणाऱ्या राउटरच्या चिमट्यात) तळापर्यंत घालून २-३ मिमी वर ओढा आणि मग आवळा. आवळताना कोलेट शँकला थोडं खाली खेचतो. शँक तळाला टेकलेला असेल तर पकड पूर्ण बसत नाही, चालू असताना बिट हळूहळू बाहेर सरकतं आणि काप खोल होत जातो. फळी क्लॅम्पने घट्ट धरा, बिट लाकडाला न टेकवता मोटर सुरू करा आणि पूर्ण वेग आल्यावरच कडेला लावा. चष्मा आणि कानांचं संरक्षण हवंच. सैल हातमोजे मात्र घालू नका.

प्रश्न : ६० मिमी व्यासाचं पॅनेल बिट (दाराच्या फळीची कड उतरती करणारं मोठं बिट) हातातल्या राउटरला चालेल का?

उत्तर : नाही. एवढं बिट २२,००० आरपीएमवर फिरलं तर धारेचा वेग ताशी २५० किमीच्या आसपास जातो. साधारण २५ मिमीपर्यंतच्या बिटला २२,००० ठीक, ५० मिमीपर्यंत १८,०००, त्यापुढे १६,००० किंवा कमी. बिटवर कमाल आरपीएम छापलेला असेल तर तोच अंतिम. ५० मिमीच्या वरची बिटं वेग कमी करता येणाऱ्या राउटरला, आणि तीही राउटर टेबलवरच (ज्याच्याखाली राउटर उलटा बसवतात त्या टेबलवर) वापरा.