वाचकांचे प्रश्न : तट्टावर ऑलिंपिक पदक?

प्रश्न : ब्रिटिश घोडेस्वार मॅरियन कोक्सनं १९६८ साली तट्टावर बसून ऑलिंपिक पदक जिंकलं, हे खरं का?

उत्तर : खरं आहे. मेक्सिकोत घोड्यावरून अडथळे उड्यांच्या वैयक्तिक स्पर्धेत तिनं रौप्य मिळवलं. तिच्या तट्टाची, स्ट्रोलरची, उंची १४.१ हात. इथं बहुतेक जण फसतात, कारण हा दशांश नव्हे. घोड्यांच्या मापात एक हात म्हणजे ४ इंच. म्हणून १४ हात नि वर १ इंच, एकूण ५७ इंच, सुमारे १४५ सेंटिमीटर. माप जमिनीपासून मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यापर्यंत घेतात, डोक्यापर्यंत नाही. पहिल्या फेरीत एकही दांडी पडली नाही. दुसरीत ८ दोषगुण लागले; एक दांडी पाडली की ४ दोषगुण, आणि ज्याचे कमी तो पुढे. सुवर्णविजेत्या स्टाइनक्राउसला एकूण ४. म्हणजे फरक एका पाडलेल्या दांडीचा! आदल्याच वर्षी या जोडीनं इंग्लंडमधल्या हिकस्टेडची डर्बी ही अडथळे उड्यांची स्पर्धाही मारली होती.