आईचं वय ७३, हिमोग्लोबिन ९.१. हे वयामुळेच असेल का?

तुम्ही लिहिलंय की आईंना जिना चढताना धाप लागते, घरचे म्हणतात 'या वयात चालायचंच', आणि तीन महिने बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे देऊनही आकडा जागचा हलत नाही.

मी डॉक्टर नाही, पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. 'वयामुळे' हे उत्तर ऐकलं की माझं डोकं फिरतं. बायकांना १२ आणि पुरुषांना १३ ही नेहमीची खालची मर्यादा, ९.१ हा तर त्याच्याही बराच खाली.

आमच्या सासऱ्यांचंच सांगते. वय ७६. अँजिओप्लास्टीनंतर ॲस्पिरिन चालू होतीच, वर गुडघ्यांसाठी मेडिकलमधून स्वतःच आणलेली दुखण्याची गोळी, रोज, सहा-सात महिने. हिमोग्लोबिन ८.४. लोहाची गोळी दिली की दहापर्यंत चढायचं, थांबवली की पुन्हा खाली. टाकी आम्ही भरत होतो, गळती कुठे आहे ते कुणी बघतच नव्हतं. शेवटी सासूबाईंनी खोदून विचारलं तेव्हा कळलं, लोहाची गोळी सुरू व्हायच्या आधीपासून संडासला डांबरासारखं काळं, चिकट होत होतं. 'असलं सुनेला काय सांगायचं?' एंडोस्कोपीत जठरात अल्सर निघाला.

म्हणून उतारवयात लोह कमी निघालं की पहिला प्रश्न, रक्त जातंय कुठून? पाळी तर केव्हाच थांबलेली असते. मूळव्याध असली तरी 'तीच असेल' म्हणून थांबू नका. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, विशेषतः उजव्या बाजूचा, कित्येक महिने फक्त ॲनिमियाच्या रूपातच दिसू शकतो.

आपल्याकडे दुसरं मोठं कारण बी१२ या जीवनसत्त्वाची कमतरता. आई शाकाहारी आहेत का? मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची पँटोप्राझोल वर्षानुवर्षं चालू आहे का? दोन्हींनी बी१२ कमी होऊ शकतं. शिवाय वय वाढलं की अनेकांच्या जठरातलं आम्ल घटतं आणि अन्नातलं बी१२ नीट सुटत नाही, मग दूध-दही खाऊनही कमतरता राहते. पायांना मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा असेल तर हे आधी तपासा. नुसतं फॉलिक ॲसिड देऊ नका. रक्त सुधारल्यासारखं दिसतं, आत नसांचं नुकसान चालूच राहतं.

एक गंमत सांगते, रिपोर्ट वाचणाऱ्यांनाही चकवणारी. लोह कमी असेल तर तांबड्या पेशी लहान होतात, एमसीव्ही (म्हणजे पेशींचा सरासरी आकार) ८०च्या खाली जातो. बी१२ कमी असेल तर पेशी मोठ्या, एमसीव्ही १००च्या वर. दोन्ही कमी असलं की सरासरी अगदी नॉर्मल येऊ शकते! अशा वेळी आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारात किती फरक आहे तो आकडा) वाढलेला असतो आणि स्मिअरमध्ये, म्हणजे काचपट्टीवर पसरलेल्या रक्तात, लहान-मोठ्या पेशींची खिचडी दिसते.

क्रिएटिनिनही बघा, मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते त्यावरून कळतं. रक्त बनवायचा निरोप देणारं हार्मोन मूत्रपिंडातून येतं, ते थकलं की हिमोग्लोबिन उतरतं. संधिवातासारख्या जुनाट दुखण्यात लोह कोठारात असतं पण वापरायला मिळत नाही. तिथे फेरिटिन (साठ्यातल्या लोहाचा अंदाज देणारी तपासणी) चढलेलं दिसतं, म्हणून नुसत्या फेरिटिनवर निर्धास्त होऊ नका. थायरॉइडही एकदा तपासावं. पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेटही कमी असतील तर रक्तविकारतज्ज्ञांकडे जा. सगळं तपासूनही कारण न सापडणारे रुग्ण असतात, पण तो निष्कर्ष सगळ्यात शेवटी.

बिटाचं म्हणाल तर १०० ग्रॅममध्ये लोह १ मिलिग्रॅमही नसतं. गोळीत साधारण ६० ते १०० असतं. खाऊ द्या आवडीनं, पण जेवणावर लगेच चहा नको.

सीबीसीच्या (रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीच्या) कागदावरचे एमसीव्ही, आरडीडब्ल्यू आणि प्लेटलेटचे आकडे इथे टाका. आईंचा गोळ्यांचा डबा पूर्ण उलटा करून यादी करा, मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्यांसकट, आणि ती डॉक्टरांना दाखवा. संडासच्या रंगाचं तुम्हाला सांगणार नाहीत बहुतेक, मावशीला किंवा शेजारच्या काकूंना विचारायला लावा. काळं म्हणाल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.